पिंजऱ्यातील मृत्यू आणि बाजाराचे मौन

९ एप्रिल २०१६ रोजी आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये, पोर्तुगालचा ज्वाव कार्व्हाल्यो हा २८ वर्षांचा तरुण लढतीसाठी पिंजऱ्यात उतरला. तिसऱ्या फेरीत तो जमिनीवर कोसळलेला असताना प्रतिस्पर्धी त्याच्या डोक्यावर ठोसे मारीत राहिला आणि अखेर पंचांनी लढत थांबविली. थोड्याच वेळात कार्व्हाल्योची प्रकृती बिघडली. रुग्णालयात त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. परंतु ११ एप्रिलला त्याची प्राणज्योत मालवली. प्रेक्षकांत या खेळाचा त्या काळातील सर्वांत श्रीमंत व लोकप्रिय तारा कॉनर मॅकग्रेगर उपस्थित होता. शोकसंदेश निघाले, हळहळ व्यक्त झाली आणि पुढच्या लढतींची तिकिटे पूर्ववत विकली जाऊ लागली.

या घटनेतील सर्वांत भीषण गोष्ट मृत्यू ही नाही. क्रिकेटच्या मैदानावर चेंडू लागून खेळाडू दगावतो, मोटारींच्या शर्यतीत चालक दगावतो. तेथे मृत्यू हा अपघात असतो. खेळाचा हेतू साधण्याच्या ओघात काहीतरी चुकलेले असते. डब्लिनमध्ये मात्र काहीच चुकले नव्हते. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर ठोसे मारणे हे या खेळात नियमबाह्य नाही. ते कौशल्य मानले जाते आणि त्याला गुण मिळतात. 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' अर्थात एमएमए या नावाने जगभर पसरलेल्या आणि आता भारतीय घरांतील पडद्यांवर येऊन पोहोचलेल्या या प्रकाराविषयी विचार करावयाचा, तर तो या मूलभूत भेदापासूनच करावा लागेल.

जन्मच जाहिरातीतून

या प्रकाराचे आजचे व्यापारी रूप १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे जन्माला आले. 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप' म्हणजेच यूएफसीचा तो पहिला प्रयोग. 'येथे नियम नाहीत' हीच त्याची जाहिरात होती. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे एवढेच काय ते निषिद्ध होते. १९९६ मध्ये अमेरिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी याला 'माणसांच्या कोंबडझुंजी' म्हटले आणि सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रे लिहिली. अनेक राज्यांनी दारे बंद केली. तेव्हा कुठे या व्यवसायाला नियमांची आठवण झाली. २००० च्या सुमारास न्यू जर्सी राज्याच्या पुढाकाराने वजनगट, फेऱ्या, हातमोजे आणि निषिद्ध प्रहारांची यादी ठरली. म्हणजे सुरक्षेचे नियम आले ते खेळाडूच्या काळजीतून नव्हे, तर धंदा बंद पडण्याच्या भीतीतून.

धंदा मात्र बंद पडला नाही. २००१ मध्ये अवघ्या २० लाख डॉलरना विकली गेलेली ही कंपनी २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली. ज्या वर्षी कार्व्हाल्यो मरण पावला, त्याच वर्षीचा हा सौदा. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यानेही व्यावसायिक एमएमएवरील बंदी उठविली. बाजाराने नैतिकतेला कसे नमविले, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

मृतांची नोंदवही

मार्च १९९८ मध्ये अमेरिकेचा डग्लस डेज युक्रेनमधील कीव्ह येथे लढतीनंतर मेंदूच्या इजेने मरण पावला. ऑक्टोबर २००७ मध्ये ह्यूस्टन येथे सॅम व्हास्क्वेझ तिसऱ्या फेरीत कोसळला. शस्त्रक्रियांनंतरही तो वाचला नाही आणि ३० नोव्हेंबरला गेला. ती अधिकृत परवान्याची लढत होती. जून २०१० मध्ये साऊथ कॅरोलायनात मायकेल कर्कहॅम गेला, तोही परवान्याच्याच लढतीत. मार्च २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बूटो गिलाँ गेला. २०१९ मध्ये इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन येथे हौशी लढतीनंतर एका तरुणीचा मृत्यू झाला. ही यादी पूर्ण नाही. ती पूर्ण करणेही कठीण आहे, कारण लहान गावांतील सभागृहांत, विनापरवाना चालणाऱ्या लढतींची जबाबदारीने नोंद ठेवणारी जागतिक यंत्रणाच नाही. ज्या खेळात जय-पराजयाचा प्रत्येक आकडा जपून ठेवला जातो, तेथे मृत्यूचा आकडा मात्र कोणाच्याच वहीत नीट सापडत नाही.

लढतीपूर्वीच मरणारे

याहून कमी चर्चिला जाणारा मृत्यू पिंजऱ्याबाहेर, वजनकाट्याच्या वाटेवर होतो. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्राझीलचा लिआंद्रो सूझा वजन देण्याच्या काही तास आधी कोसळला आणि मरण पावला. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे 'वन चॅम्पियनशिप'च्या लढतीसाठी आलेला चीनचा यांग जियान बिंग हा अवघ्या २१ वर्षांचा तरुण वजन उतरविताना शरीरातील पाणी आटून गेला. प्रतिस्पर्ध्याचा एकही ठोसा त्याला लागला नव्हता.

यामागील गणित साधे आणि क्रूर आहे. वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतले जाते. त्यामुळे खेळाडू पाणी तोडतो, वाफेच्या खोलीत बसतो, गरम पाण्यात पडून राहतो, रबरी कपडे घालून घाम गाळतो. काट्यावर खालच्या गटाचे वजन दाखवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी कित्येक किलो वाढवून लढावयाचे, ही ती युक्ती. प्रतिस्पर्धीही तेच करीत असल्याने फायदा कोणालाच होत नाही. धोका मात्र दोघांनाही. शुष्क झालेले शरीर एका दिवसात पूर्ववत होत नाही आणि तशाच अवस्थेत खेळाडू डोक्यावर ठोसे घेण्यासाठी उभा राहतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट १०० ग्रॅम वजनासाठी अपात्र ठरली, तेव्हा रात्रभर घाम गाळण्याचे वर्णन ऐकून सारा देश हेलावला. वजन उतरविण्याची ही जीवघेणी ओढाताण म्हणजे काय, हे त्या एका रात्रीने भारतीयांना समजले असावे.

हे टाळता येते, याचे पुरावेही आहेत. १९९७ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीत पाच आठवड्यांच्या आत तीन मल्ल वजन उतरविताना मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने वाफेच्या खोल्या व रबरी कपडे बंद केले, वजन लढतीच्या तोंडावर घेण्यास सुरुवात केली आणि शरीरातील पाण्याची तपासणी सक्तीची केली. यांग जियान बिंगच्या मृत्यूनंतर 'वन चॅम्पियनशिप'नेही पाण्याची चाचणी आणली. म्हणजे उपाय ठाऊक आहे. तो सर्वत्र लागू करण्याची इच्छा तेवढी नाही.

जे मरत नाहीत, त्यांचे काय?

मृत्यू हा हिशेबाचा केवळ एक भाग आहे. बेलेटर संस्थेकडून लढणारा जॉर्डन पार्सन्स मे २०१६ मध्ये मोटारीच्या धडकेने गेला. त्याचे वय केवळ २५ होते. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनी केली, तेव्हा डोक्यावर वारंवार आघात झालेल्यांत आढळणारा मेंदूचा ऱ्हास तेथे दिसून आला. पंचविशीतच! आघात एकदाच मोठा व्हावा लागतो असे नाही. लहान लहान आघातांची बेरीज स्मृती, स्वभाव आणि विवेक कुरतडत जाते, आणि हे आघात सरावातही होतात; तेथे ना पंच असतो, ना कॅमेरा.

समर्थकांचे युक्तिवाद

समर्थकांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. कारण ते अगदीच पोकळ नाही. पहिला युक्तिवाद असा की, मुष्टियुद्धात याहून अधिक माणसे मेली आहेत. हे खरेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोतील एकाच कार्यक्रमात लढलेले दोन जपानी मुष्टियोद्धे एका दिवसाच्या अंतराने मेंदूतील रक्तस्रावाने गेले. पण शेजाऱ्याचे घर अधिक जळाले, म्हणून स्वतःच्या घरातील आगीला आग म्हणू नये काय? शिवाय १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू गेल्यानंतर मुष्टियुद्धातील प्रमुख संघटनेने अजिंक्यपदाच्या फेऱ्या १५ वरून १२ वर आणल्या. जुन्या खेळाने निदान मृत्यूकडून काही शिकण्याची रीत निर्माण केली.

दुसरा युक्तिवाद असा की, यूएफसीच्या पिंजऱ्यात लढतीमुळे आजवर एकही मृत्यू झालेला नाही. हेही मान्य. परंतु याचा अर्थ काय होतो? जेथे पैसा, तज्ज्ञ डॉक्टर, मेंदूच्या तपासण्या आणि सज्ज रुग्णवाहिका आहेत, तेथे माणूस वाचतो. मरतो तो खालच्या पायऱ्यांवरचा. ज्याला त्या झगमगाटापर्यंत पोहोचावयाचे असते तो. वरच्या मजल्यावरची सुरक्षितता दाखवून तळमजल्यावरची प्रेते झाकता येणार नाहीत. आणि वरच्या मजल्यावर तरी न्याय आहे काय? खेळाडूंना उत्पन्नाचा अल्प वाटा देऊन त्यांची कोंडी केल्याच्या आरोपावरून दाखल झालेल्या दाव्यात यूएफसीच्या मालकांना ३७ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड करावी लागली, हे वास्तव बोलके आहे.

तिसरा आणि सर्वांत आवडता युक्तिवाद म्हणजे संमती. 'प्रौढ माणसे स्वेच्छेने लढतात, तुम्ही कोण?' येथे भारतीय कायद्याची भूमिका पाहण्यासारखी आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचे ८७ वे कलम, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील २५ वे कलम, अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीला संरक्षण देते; पण मृत्यू अथवा गंभीर दुखापत घडविण्याचा हेतू नसेल आणि तशी शक्यता ठाऊक नसेल तरच. उदाहरण दिले आहे ते करमणुकीसाठी केलेल्या तलवारबाजीचे. नियमानुसार खेळताना होणाऱ्या इजेचे. ज्या लढतीत समोरच्याला बेशुद्ध पाडणे हाच गौरवाचा विजय, तेथे ही संमती कुठवर पुरेल, हा प्रश्न कायदेपंडितांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे. आणि ज्या तरुणाला मेंदूच्या इजेविषयी कोणी काही सांगितलेलेच नाही, त्याची संमती ही संमती तरी कशी?

आग दारापर्यंत आली आहे

हे सारे परदेशात घडते, असे समजून स्वस्थ बसण्याचे दिवस संपले. मार्च २०१२ मध्ये मुंबईत 'सुपर फाइट लीग'चा प्रारंभ चित्रपटसृष्टीच्या झगमगाटात झाला. २०१९ मध्ये चित्रपट-कुटुंबाच्याच पुढाकाराने 'मॅट्रिक्स फाइट नाइट' आली. मुंबईचा भरत खंडारे २०१७ मध्ये यूएफसीत लढणारा पहिला भारतीय ठरला. पूजा तोमरने जून २०२४ मध्ये तेथे विजय मिळविला. या तरुणांच्या कष्टांविषयी आणि धैर्याविषयी कोणाही भारतीयाला आदरच वाटेल. टीका त्यांच्यावर नाही. ज्या व्यवस्थेच्या हाती त्यांचे प्राण आहेत, तिच्यावर आहे.

ती व्यवस्था कशी आहे, हे जुलै २०२२ मध्ये बंगळुरूने दाखविले. तेथील किकबॉक्सिंगच्या राज्यस्तरीय स्पर्धेत म्हैसूरचा एक तरुण ठोसा लागून कोसळला आणि दोन दिवसांत गेला. स्पर्धेच्या ठिकाणी पुरेशी वैद्यकीय व्यवस्था नव्हती, अशी तक्रार कुटुंबाने केली. आयोजकांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. पण गुन्हा नोंदवून आईवडिलांचा मुलगा परत येत नाही. लहान मुलांना अशा लढतींत उतरविण्याचा शेवट काय होतो, हे थायलंडने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाहिले. तेथे १३ वर्षांचा एक मुलगा मुए थाईच्या लढतीत गेला.

तालमीचा धडा

भारताला मल्लविद्या नवी नाही. बाराव्या शतकातील चालुक्य नरेश सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या आहाराचा व शिक्षणाचा विचार आहे. तालमीतील कुस्तीत विजय म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चितपट करणे, त्याची पाठ मातीला लावणे. तो रक्तबंबाळ व्हावा, शुद्ध हरपून पडावा, ही अट नाही. लढत संपताच दोघे एकमेकांना भेटतात आणि वस्तादाच्या पाया पडतात. हेलसिंकीत १९५२ मध्ये कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच परंपरेतून आले. कुस्तीतही जीव जातात. २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात मानेच्या दुखापतीने एक तरुण पैलवान गेला. तेथेही वैद्यकीय व्यवस्थेची हयगय अक्षम्यच आहे. परंतु कुस्तीत दुखापत हे अपयश आहे. पिंजऱ्यात ते यश आहे. बलोपासना आणि हिंसेची करमणूक यांत हाच फरक आहे.

म्हणून काही मागण्या निःसंदिग्धपणे मांडल्या पाहिजेत. परवान्याशिवाय अशी एकही लढत होऊ नये. अठरा वर्षांखालील मुलांना डोक्यावर प्रहार असलेल्या लढतींची पूर्ण बंदी असावी. लढतीपूर्वी मेंदूची तपासणी, स्थळी डॉक्टर व रुग्णवाहिका आणि मेंदूची शस्त्रक्रिया होऊ शकेल असे जवळचे रुग्णालय ठरलेले असल्याखेरीज घंटा वाजू नये. वजनासोबत शरीरातील पाण्याची तपासणी सक्तीची व्हावी. बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला ठरावीक काळ सरावासही मज्जाव असावा आणि त्याची नोंद देशभर एकाच ठिकाणी राहावी. न्यूयॉर्क राज्याने २०१६ मध्ये लढतींना परवानगी देताना मेंदूच्या जीवघेण्या इजेसाठी आयोजकांवर १० लाख डॉलरच्या विम्याची सक्ती केली. भारतीय तरुणाचा प्राण याहून स्वस्त आहे काय?

हा खर्च परवडत नाही, असे जो आयोजक म्हणेल, त्याने लढती भरवूच नयेत. आणि ज्या घरातील मुलगा अशा प्रशिक्षण केंद्रात नाव घालू इच्छितो, त्या घराने शुल्क विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे : मुलाच्या डोक्याला मार लागला, तर त्या क्षणी तेथे डॉक्टर कोण असेल? उत्तर मिळाले नाही, तर पावली परत फिरण्यात भ्याडपणा नाही. मुलाचे सामर्थ्य घडविण्यासाठी त्याचा मेंदू पणाला लावण्याची गरज या देशाला कधीही भासली नाही. आजही भासण्याचे कारण नाही.