टपाल एका जागी, किल्ली आपल्या हाती

मंडळी, आज थोडं स्पष्टच लिहितो. नातेवाईकांपैकी कुणाला लागलं तर लागू द्या.

आमच्या वयाच्या माणसानं ई-मेलचं नाव काढलं की घरातली तरुण मंडळी दोन ठरलेली उत्तरं देतात. एक, "आबा, तुम्हाला कशाला मेल? व्हॉट्सॲप आहे ना!" आणि दुसरं, "फॉर्मवर माझाच मेल टाका." दोन्ही उत्तरं मायेपोटी येतात, हे मान्य. पण दोन्ही चुकीची आहेत, आणि दुसरं तर घातक आहे.

पालीत काय किंवा बीडला काय, आमच्यासारख्या पेन्शनरांची चौकशी करा. एकेकाची तीन-तीन, चार-चार खाती निघतात. एक रेडिफमेलचं, सायबर कॅफेच्या काळातलं. एक याहूचं, परदेशातल्या भाच्याला पत्र लिहिण्यासाठी काढलेलं. एक जीमेलचं, नवा फोन घेताना दुकानदारानं उघडून दिलेलं. आणि एखादं फॉर्म भरून देणाऱ्यानं घाईघाईत काढलेलं, ज्याचा पासवर्ड त्याच्याच वहीत! माझं या चौथ्या प्रकारचं एक खातं होतं. त्याचा पासवर्ड मिळवायला मला चार हेलपाटे घालावे लागले. आपलंच टपाल, आणि ते उघडायला दुसऱ्याची विनवणी.

पूर्वी आपलं पाकीट कुणी फोडलेलं दिसलं तर घरात केवढा गहजब व्हायचा! आज बँकेचं पत्रक, विम्याची सूचना, पासवर्ड बदलण्याचा दुवा, सगळं नातवाच्या नाहीतर दुकानदाराच्या मेलवर जातं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. लक्षात घ्या, ज्याच्या हातात मेल त्याच्या हातात बाकीच्या बऱ्याच खात्यांची किल्ली. पासवर्ड विसरला की नवा तिथेच येतो. व्हॉट्सॲपवर सुविचार येतात. ही किल्ली मेलवरच येते.

मग चार खाती सांभाळायची कशी? इथे मला आपल्या बीडजवळची खजाना विहीर आठवते. निजामशाहीच्या काळात, १६ व्या शतकात, सलाबतखानानं ती बांधली. दोन भुयारांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून शेतीकडे जातं. पाणी येतं दोन वाटांनी, पण दिसतं एका जागी. टपालाचंही असंच करता येतं.

त्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक कळणं महत्त्वाचं. पॉप ही १९८४ पासूनची पद्धत. ती म्हणजे घागर भरून घरी नेण्यासारखी. पत्र संगणकावर उतरतं आणि, वेगळं सांगून ठेवलं नसेल तर, मूळ ठिकाणाहून निघून जातं. मग फोनवर शोधत बसा. दुसरी आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ मध्ये स्टॅनफर्डला घडवली. यात पाणी विहिरीतच राहतं. फोन, टॅबलेट, संगणक, कुठूनही डोकावलं तरी पातळी तीच दिसते. एकीकडे वाचलेलं पत्र दुसरीकडेही वाचलेलं दिसतं, पुसलेलं पुसलेलंच राहतं. ज्याच्याकडे एकापेक्षा जास्त यंत्रं आहेत त्यानं आयमॅपच घ्यावं.

आता काही जण म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? सगळी पत्रं एकाच खात्याकडे वळवून टाका." वळवा. पण वळवलेल्या पत्राला उत्तर दिलं की ते भलत्याच पत्त्यावरून जातं आणि पलीकडचा माणूस गोंधळतो. शिवाय कंपनीच्या सोयीवर किती भिस्त ठेवायची? जीमेलच्या पानावर दुसऱ्या खात्यांची पत्रं पॉपनं ओढून आणण्याची सोय वर्षानुवर्षं होती. ती २०२६ मध्ये बंद करणार असल्याचं गूगलनं २०२५ मध्ये जाहीर केलं. विंडोजवरच्या नव्या आउटलुकमध्ये दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलं तर त्या टपालाची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर ठेवली जाते. खिडकी फुकट मिळते, पण खिडकीबाहेर उभं कोण आहे ते बघायला नको का?

म्हणून माझं मत असं की खिडकी एक असावी आणि ती आपली असावी. थंडरबर्डसारखा मुक्त प्रोग्रॅम तुमच्या यंत्रावरून थेट प्रत्येक खात्याकडे जातो. २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि ऑक्टोबर २०२४ पासून तो अँड्रॉइडवरही आहे. सगळी पत्रं एका यादीत दिसतात आणि ज्या पत्त्यावर पत्र आलं त्याच पत्त्यावरून उत्तर जातं. खाती वेगळीच राहतात, फक्त आपली धावपळ वाचते.

एक आक्षेप रास्त आहे. सगळं एका फोनमध्ये असेल आणि फोनच हरवला तर? त्यासाठी फोनला कुलूप हवं, खात्याला दुहेरी पडताळणी हवी, आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर आपला स्वतःचा आणि चालू हवा. हे न करता सगळं एकत्र आणणं म्हणजे दागिने एका डब्यात भरून डबा ओट्यावर ठेवणं.

आणि "जुनी खाती राहू द्या पडून" असंही म्हणू नका. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगलनं डिसेंबर २०२३ पासून पुसायला सुरुवात केली. पत्रं, फोटो, सगळं जातं. एका खिडकीत आणलेलं खातं निदान डोळ्यांसमोर राहतं.

तेव्हा पोरांनो, दिवाळीला गावी याल तेव्हा मिठाईचा एक डबा कमी आणा आणि आमच्याजवळ दोन तास बसा. सगळ्या खात्यांची यादी करा. पासवर्ड आम्हाला बदलायला लावा, टंकायला वेळ लागला तरी फोन आमच्या हातातून ओढून घेऊ नका. तुमचे नंबर काढून आमचे घाला. नको असलेली खाती, त्यातलं कामाचं बाजूला काढून, आमच्या देखत बंद करा.

आम्ही तुम्हाला अक्षरं गिरवायला शिकवली तेव्हा तुमच्या हाताला धरून शिकवली, तुमची पाटी आम्ही लिहून दिली नव्हती. एवढीच अपेक्षा आता उलट दिशेनं आहे.

असो. पटलं नसेल त्यांनी खुशाल भांडावं. उत्तर मात्र माझ्या मेलवर पाठवा, नातवाच्या नको!