‘मग काय?’ अथवा इंग्रजींतील अपुरीं वाक्यें

इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासून परत आल्या म्हणजे वर्गांत जी एक शांतता पसरते, ती ज्यांनीं अनुभविली आहे त्यांस तिचें वर्णन करून सांगावयास नको. वही उघडावी तों पानभर तांबड्या रेघा आणि समासांत एकच शेरा: ‘हें वाक्य नव्हे.’ विद्यार्थी बिचारा बुचकळ्यांत पडतो. आरंभीं मोठें अक्षर आहे, शेवटीं पूर्णविराम आहे, मध्यें शब्दही आहेत. मग हें वाक्य कां नव्हे? घरीं वडिलांस विचारावें तर ते म्हणतात, ‘तुझें लक्ष नसेल.’ माझें म्हणणें असें आहे कीं, पुष्कळ वेळां मुलाचें लक्ष पुरेपूर असतें, आणि त्यानें जें लिहिलें तें मराठीच्या नियमानें पूर्णही असतें. तें अपुरें ठरतें इंग्रजीच्या नियमानें, आणि हा नियम कोठें वेगळा होतो हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें.

हें मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहें. १९७२ सालच्या दुष्काळांत मी इयत्ता आठवींत होतों. आमचा कर्जत तालुका मुळांतच अवर्षणाचा. त्यांत तें वर्ष असें आलें कीं विहिरींचे तळ उघडे पडले आणि सरकारी कामावर खडी फोडावयास गांवोगांवच्या माणसांची रीघ लागली. कामावर सुकडी मिळे; ती आई पदरांत बांधून आम्हां मुलांसाठीं घरीं आणी. अशा दिवसांत ‘आमचें गांव’ या विषयावर इंग्रजी निबंध लिहावयास सांगण्यांत आलें. मीं डोळ्यांसमोर होतें तें लिहिलें. त्या ओळी मला अद्याप पाठ आहेत: ‘माय व्हिलेज इन कर्जत तालुका. नो रेन धिस इयर. बिकॉज क्लाउड्स वेंट अवे. फादर अँड मदर गोइंग टु ब्रेक स्टोन्स. व्हेन दे कम होम.’ पांच पूर्णविराम, आणि पांचांत वाक्य एकही नाहीं! गुरुजींनीं पहिल्या चार ओळींखालीं तांबड्या रेघा ओढल्या. पांचवीपुढें मात्र त्यांनीं मराठींत दोन शब्द लिहिले: ‘मग काय?’

त्या दोन शब्दांकडे पुढें येऊं. आधीं पहिल्या चार ओळींचा न्याय करूं.

‘माझें गांव कर्जत तालुक्यांत’ असें कोणी म्हटलें तर ऐकणारा ‘मग?’ म्हणून थांबत नाहीं. ‘हा माझा भाऊ’, ‘त्याचें नांव गोविंद’, हीं आपलीं रोजचीं वाक्यें. आपल्या म्हणी पाहा: ‘घरोघरीं मातीच्या चुली’, ‘अति तेथें माती’, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’. क्रियापद कोठेंच नाहीं, आणि तरीही त्यांत उणें कांहीं नाहीं. ‘आहे’ हें क्रियापद आपण अध्याहृत ठेवितों. इंग्रजीस ही सवलत मान्य नाहीं. तेथें ‘इज’ हा उच्चारलाच पाहिजे. दुसरी ओळ याहून गमतीची आहे. ‘यंदा पाऊस नाहीं’ या वाक्यांत मराठीचें ‘नाहीं’ हें स्वतःच क्रियापद आहे; त्याच्या पोटांत ‘आहे’ दडलेलें आहे. म्हणून तें अनेकवचनीं ‘नाहींत’ होतें. इंग्रजी ‘नो’ ला असें रूप नाहीं. तो ‘रेन’ चें केवळ विशेषण. मुलानें ‘नाहीं’ च्या जागीं ‘नो’ घातला, आणि क्रियापद त्याच्या हातून नकळत गळून पडलें.

चौथ्या ओळींतील ‘गोइंग’ कोठून आला? मीं मनांत मराठी वाक्य जुळविलें होतें: ‘आईवडील खडी फोडावयास जात.’ हा आपला रीतिभूतकाळ. ‘जात’ या एका शब्दावर वाक्य उभें राहतें. इंग्रजी ‘गोइंग’ हें तर नुसतें धातुसाधित. त्याच्या मागें ‘आर’ किंवा ‘वेअर’ असल्यावांचून त्यास उभें राहतां येत नाहीं. दिसावयास ‘जात’ आणि ‘गोइंग’ सख्खे भाऊ, पण एकास पाय आहेत आणि दुसऱ्यास नाहींत.

कर्त्याचीही तीच गोष्ट. ‘आलीस?’ एवढें म्हटलें कीं समोर एकच व्यक्ति आहे, ती स्त्री आहे, आणि बोलणारा तिच्याशींच बोलत आहे, हें सर्व त्या तीन अक्षरांत आलें. इंग्रजी ‘केम’ हा शब्द यांपैकीं कांहींच सांगत नाहीं. मी, तूं, तो, ती, ते सर्वांस तोच एक. म्हणून तेथें कर्ता निराळा मांडावा लागतो. आपल्याकडे तर कर्त्याचा पत्ताच नसलेलीं वाक्यें आहेत: ‘उजाडलें’, ‘सांजावलें’, ‘मला मळमळतें’. व्याकरणकार यांस भावकर्तृक क्रियापदें म्हणतात. इंग्रजीस हेंही खपत नाहीं. कर्ता नसेल तर ती ‘इट’ नांवाचा एक नामधारी कर्ता आणून बसविते, आणि पाऊस पडला तरी ‘इट’ नें तो पाडला असें म्हणते. हा ‘इट’ कोण, असें कोणा मुलानें विचारलें तर त्यास हंसूं नये. प्रश्न शहाणपणाचा आहे.

आतां राहिला ‘बिकॉज’. आमच्या मुलांच्या वह्यांत अपुरीं वाक्यें सर्वांत अधिक याच शब्दानें सुरू होतात असें मला आढळलें आहे. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत ‘कारण’ हें गौणत्वसूचक अव्यय म्हणून दिलेलें असतें खरें. पण मुळांत तें नाम आहे, आणि बोलतांना आपण त्यास तसेंच वागवितों. ‘यंदा ज्वारी झाली नाहीं. कारण पाऊस नव्हता.’ मध्यें पूर्णविराम देऊन असें छापलेलें मराठी आपण नित्य वाचतों आणि आपणांस कांहीं खटकत नाहीं. इंग्रजी ‘बिकॉज’ मात्र ज्या वाक्याचें कारण सांगावयाचें त्याचा पदर सोडीत नाहीं.

येथें पूर्णविरामाविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. हें चिन्ह आपल्या घरचें नव्हे. मोडी लिहिणारे आपले पूर्वज आधीं पानावर आडवी रेघ ओढीत आणि तिच्या खालीं अक्षरें सलग लिहीत जात. शब्द कोठें संपला याचीही खूण नसे, मग वाक्याची कोठून असणार? तरी पत्राचा अर्थ लागे, कारण क्रियापद आलें कीं वाक्य मिटलें हें वाचणारास ठाऊक असे. इंग्रजी पद्धतीचीं विरामचिन्हें मराठींत रुळविण्याचें श्रेय मुख्यत्वें मेजर टॉमस कँडी यांस देतात. मोल्सवर्थसाहेबांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामांत साह्य करणारे ते हेच. १८५० सालीं त्यांनीं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें पुस्तक काढलें. त्यापूर्वींच १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें होतें. म्हणजे टिंब आपण इंग्रजीपासून घेतलें, तें वापरतों मात्र आपल्या कानाच्या हिशेबानें: बोलतांना दम घेतला कीं टिंब. इंग्रजींत टिंबाचा संबंध दमाशीं नाहीं.

मग कशाशीं आहे? याचें उत्तर मला पुष्कळ वर्षांनीं मिळालें, आणि तें इंग्रजी पुस्तकांत न मिळतां आपल्या शास्त्रांत मिळालें. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत वाक्याचें लक्षण सांगितलें आहे. त्याचा भावार्थ असा कीं, जे शब्द एकत्र असतां एकच अर्थ देतात आणि तोडले असतां ज्यांचे तुकडे एकमेकांची वाट पाहत राहतात, तें एक वाक्य. या वाट पाहण्यास शास्त्रकार ‘आकांक्षा’ म्हणतात. ‘गाय’ म्हटलें कीं मन विचारतें, काय झालें गाईचें? ‘आण’ म्हटलें कीं विचारतें, काय आणूं? ‘गाय आण’ म्हटलें कीं मन निवांत होतें. गुरुजींनीं माझ्या पांचव्या ओळीपुढें लिहिलेलें ‘मग काय?’ म्हणजे हीच आकांक्षा होय. ‘जेव्हां ते घरीं येतात’ असें म्हणून मी पूर्णविराम देऊन मोकळा झालों होतों, आणि वाचणारा उंबऱ्याबाहेर तिष्ठत होता!

मराठींत अशी चूक सहसा होत नाहीं. ‘जेव्हां’ म्हटलें कीं ‘तेव्हां’ आपोआप जिभेवर येतें. ‘जरी’ ला ‘तरी’, ‘जो’ ला ‘तो’, ‘जितका’ ला ‘तितका’. आपले हे शब्द जोडीनें चालतात, आणि जोडींतील एक राहिला तर कान लगेच तक्रार करितो. इंग्रजी ‘व्हेन’ एकटा फिरतो, म्हणून त्याचा जोडीदार राहून गेल्याचें मुलास कळत नाहीं. कांहीं चतुर मुलें ‘व्हेन रेन केम, दॅट टाइम’ असें लिहून स्वतःच जोडी लावतात. गुरुजी तेंही तांबड्या रेघेनें खोडतात. मला मात्र त्या मुलाचें कौतुक वाटतें. पुढें कांहीं आलें पाहिजे हें त्यानें ओळखलें आहे. इंग्रजींत तें निराळ्या शब्दावांचून येतें एवढेंच त्यास सांगावयाचें उरलें.

वाक्य लांब असलें म्हणजे पूर्ण असतें, असाही एक समज आहे. ‘बर्ड्स सिंग’ या दोन शब्दांत वाक्य पूर्ण आहे. ‘स्टॉप’ या एकाच शब्दांतही, कारण आज्ञार्थांत ‘यू’ गृहीत असतो. उलट हें पाहा: ‘द ओल्ड नीम ट्री बिहाइंड द टेंपल, अंडर व्हिच द फार्मर्स सिट एव्हरी ईव्हनिंग.’ चौदा शब्द झाले, क्रियापदही आहे. तरी वाक्य नाहीं. बसतात ते शेतकरी. निंबाच्या झाडानें काय केलें? त्याची गोष्ट सुरूच झाली नाहीं. तेव्हां क्रियापद आहे कीं नाहीं एवढें पाहून भागत नाहीं. तें कोणाचें आहे हें विचारलें पाहिजे. मी माझ्या विद्यार्थ्यांस एक युक्ति सांगत असें. शंका आली कीं ओळीच्या आधीं ‘इट इज ट्रू दॅट’, म्हणजे ‘हें खरें कीं’, एवढे शब्द लावून मोठ्यानें वाचावें. ‘इट इज ट्रू दॅट बर्ड्स सिंग’ हें उभें राहतें. ‘इट इज ट्रू दॅट व्हेन दे कम होम’ हें लंगडतें, आणि तें लंगडणें कानास ऐकूं येतें. प्रश्नार्थक आणि आज्ञार्थक वाक्यांस ही युक्ति लागू नाहीं, पण निबंधांत तीं असतात किती?

कोणी म्हणेल, मोठमोठे इंग्रज ग्रंथकार अपुरीं वाक्यें लिहितात, मग आम्हांसच हा जाच कां? गोष्ट खरी आहे. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीचा आरंभ केवळ शहराच्या नांवानें होतो, आणि पुढें धुक्याचें वर्णन चाललें आहे तेथें मुख्य क्रियापद शोधूनही सांपडत नाहीं. ही कादंबरी १८५२ सालीं क्रमशः निघूं लागली, तेव्हां तिचे वाचक कांहीं व्याकरण विसरले नव्हते. तारेची भाषा तर सर्वस्वीं तुकड्यांची. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून ‘मदर सीरियस स्टार्ट इमीजिएटली’ एवढ्यांत भागविलें जाई. (ती तार आपल्या देशांत २०१३ च्या जुलै महिन्यांत बंद झाली, आणि आतां मुलांचे मोबाइलवरील निरोप तिचीच गादी चालवितात.) पण डिकन्सनें क्रियापद टाकलें तें जाणून, आमचा विद्यार्थी टाकतो तें न कळतां. अर्जांत, निबंधांत आणि परीक्षेच्या उत्तरांत वाचणारा अनोळखी असतो. ‘मग काय?’ असें विचारावयास तो आपल्याजवळ येत नाहीं. कागद बाजूस ठेवितो आणि दुसरा उचलतो.

या चुकीच्या भयानें जें दुसरें एक संकट आलें आहे तें मला अधिक घोर वाटतें. मुलें तयार निबंध पाठ करूं लागलीं आहेत. त्यांत वाक्य एकही अपुरें नसतें, आणि मुलाचें स्वतःचें असेंही एक नसतें. आमच्या तालुक्यांतील मुलगा आपल्या गांवावर निबंध लिहितो आणि त्यांत झुळझुळ वाहणारा ओढा व हिरवीं कुरणें येतात! रेहेकुरीच्या माळावर काळवीट चरतांना त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलीं असतात, सिद्धटेकास भीमेचें पात्र पाहिलेलें असतें, गोदड महाराजांच्या रथाचा दोर त्यानें हातांनीं ओढलेला असतो. यांतलें कांहीं निबंधांत येत नाहीं, कारण त्याचें इंग्रजी चुकेल ही धास्ती. असा निबंध आणि ‘नो रेन धिस इयर’ हा निबंध माझ्यापुढें ठेविले तर मी दुसऱ्यास अधिक गुण देईन. त्यास क्रियापद मिळवून देणें एका तासाचें काम आहे.

इंग्रजी शिकवितांना मराठीचा शब्द वर्गांत येतां कामा नये, असा आग्रह हल्लीं फार ऐकूं येतो. मला तो पटत नाहीं. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या एका भाषेशेजारीं दुसरी ठेवूनच. ‘नाहीं’ आणि ‘नो’ यांतील भेद मराठीचें नांव न काढतां कसा समजावणार? इंग्रजीच्या आणि मराठीच्या गुरुजींनीं आठवड्यांतून एक तास एकत्र बसून वह्या पाहिल्या तर पुष्कळ तांबडी शाई वांचेल.

पालकांसही एक विनंती. आपणांस इंग्रजी येत नसलें तरी हें काम आपणांस करतां येईल. मुलास किंवा मुलीस जवळ बसवून त्यांनीं लिहिलेलें इंग्रजी वाचावयास सांगावें, आणि प्रत्येक पूर्णविरामाशीं थांबवून विचारावें, ‘यांत कोण, तें बोटानें दाखव. त्यानें काय केलें, तेंही दाखव.’ बोट घुटमळलें कीं समजावें, तेथें कांहीं राहिलें आहे.

गुरुजींच्या प्रश्नाचें उत्तर मीं दुसऱ्या दिवशीं लिहून नेलें: ‘व्हेन दे कम होम, वी ओपन मदर्स बंडल अँड ईट सुकडी.’ गुरुजींनीं तें दोनदां वाचलें. ‘बंडल’ या शब्दाखालीं त्यांनीं एक बारीक रेघ ओढली, आणि वही मिटून माझ्या हातीं दिली.