लंडनमधला मिंबर

सुट्टीत मुलांना कुठे न्यावं यावर मागे लिहिलं होतं, तेव्हा संग्रहालयांचा विषय मी एका ओळीत उरकला. त्यावर दोघी-तिघी बहिणींनी विचारलं, "तिथे आपण बघण्यासारखं काय असतं? मूर्ती आणि तसबिरीच ना?" उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. आज देते, जरा लांबून सुरुवात करून.

2018 ची रमजान ईद मी लेकीकडे लंडनला केली. ईद झाल्यावर एका शुक्रवारी नातू म्हणाला, "नानी, टिपूचा वाघ बघायला चल." शाळेतून तो एकदा जाऊन आला होता. जागेचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. जुन्या मुंबईकरांना हे नाव ऐकून भायखळा आठवेल. राणीच्या बागेतलं म्युझियम 1872 मध्ये उघडलं, त्याचंही नाव हेच होतं. 1975 मध्ये ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं. ईदच्या दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन राणीच्या बागेत जाणाऱ्या आपल्या किती घरांनी त्या इमारतीची पायरी चढली आहे, हे आपलं आपण आठवावं. आम्ही लहानपणी हत्ती बघून, भेळ खाऊन परत यायचो. म्युझियम बाहेरूनच माहीत.

लंडनच्या म्युझियमला प्रवेशाचे पैसे नाहीत. साउथ केन्सिंग्टन स्टेशनवरून एक भुयारी रस्ता थेट तिथे नेतो, त्यामुळे पावसातही भिजायला होत नाही. शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. मधोमध मोठं अंगण आहे, त्यात उथळ पाण्याचा हौद आणि हिरवळ. गोऱ्यांची पोरं त्या पाण्यात खुशाल डुंबत होती. दिवसभरात दमून गेलं की बसायला ती जागा चांगली. असरची नमाज मी त्याच हिरवळीच्या एका कडेला पढले. कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

आधी वाघ. लाकडाचा, जवळजवळ खऱ्या वाघाएवढा, खाली पडलेल्या गोऱ्या शिपायाच्या गळ्याशी तोंड घातलेलं. पोटात बाजाची पेटी आहे. दांडा फिरवला की शिपायाचा हात वर-खाली होतो, तो कण्हतो आणि वाघ गुरगुरतो. म्हैसूरमध्ये 1790 च्या दशकात हा बनवला. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टणात टिपू सुलतान शहीद झाले आणि त्यांच्या महालातली चीजवस्तू विजेत्यांनी वाटून घेतली. वाघ लंडनला आला. 1808 पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत तो लोकांना बघायला ठेवला होता. येणारा-जाणारा दांडा फिरवायचा आणि शेजारी वाचत बसलेले लोक त्या आवाजाने वैतागून जायचे. आता काचेत आहे, कोणालाही हात लावू देत नाहीत. नातू काचेला नाक लावून उभा होता. मला मात्र अंगावर काटा वगैरे आला नाही. एका माणसाचा राग, दुसऱ्याने खेळणं म्हणून घरी नेला, एवढंच मनात आलं.

त्याच दालनात शाहजहान बादशाहचा पांढऱ्या जेडचा प्याला आहे, 1657 चा. खाली कमळ, मुठीच्या जागी बकऱ्याचं डोकं, दगड इतका पातळ कोरलेला की उजेड आरपार यावा. पाटीवर तो दारूचा प्याला असल्याचं लिहिलंय. नातवाने वाचून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बादशाहचा हिशोब बादशाह देईल, तू कोरीवकाम बघ."

मग आम्ही जमील गॅलरीत गेलो. सौदीच्या जमील कुटुंबाने दिलेल्या पैशातून हे दालन 2006 मध्ये नव्याने मांडलं. आत शिरल्यावर मधोमध जमिनीवर काचेची एक प्रचंड पेटी, आत अंधुक उजेड. लोक तिच्याभोवती गप्प उभे. दर तासाला आणि अर्ध्या तासाला दहा मिनिटांपुरते दिवे वाढवतात. रंग उडू नयेत म्हणून. साडेचार वाजले, दिवे लागले आणि तो गालिचा दिसला.

इराणच्या वायव्येला अर्दबील म्हणून गाव आहे. तिथे शेख सफीउद्दीन या सूफी बुजुर्गांचा दर्गा आहे, त्यांचा इंतकाल 1334 चा. त्यांच्याच वंशातून पुढे सफवी बादशाह झाले. शाह तहमास्पच्या काळात हा गालिचा त्या दर्ग्यासाठी विणला. एका टोकाला चौकटीत मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी 946 हे साल विणलेलं आहे, म्हणजे इसवी सन 1539-40. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरहून जास्त. ताणाबाणा रेशमाचा, वर लोकर, रंग दहा. दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्यात, म्हणजे आपल्या तळहाताएवढ्या जागेत, 5,300 गाठी आहेत. नातवाने फोनवर गुणाकार केला, आकडा तीन कोटींच्या जवळ गेला. प्रत्येक गाठ हाताने मारलेली. एका वेळी दहापर्यंत विणकर मागावर बसले असतील आणि कामाला काही वर्षं लागली असतील, असा जाणकारांचा अंदाज आहे.

मधे सोनेरी पिवळं मोठं फूल आहे, घुमटाच्या आतून वर बघावं तसं. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कंदील लटकतो. कंदील सारखे नाहीत, एक मोठा, एक लहान. कोणी म्हणतात, लहान कंदिलाच्या बाजूने बघणाऱ्याला दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. कोणी म्हणतात, कमाल फक्त अल्लाहची, म्हणून कारागिराने मुद्दाम चूक ठेवली. मला दुसरं आवडलं, पण आवडलं म्हणून खरं असेल असं नाही. तीन कोटी गाठी मोजून मारणाऱ्याला वेगळी चूक करून नम्रता दाखवायची गरज होती का, असंही वाटलं.

हा गालिचा लंडनला कसा आला, ते मला वाघापेक्षा जास्त लागलं. अर्दबीलला असे दोन गालिचे होते. एकोणिसाव्या शतकात दर्ग्याची पडझड झाली होती, भूकंपाचंही नुकसान सांगतात. दुरुस्तीला पैसे हवे होते. गालिचे विकले गेले. व्यापाऱ्यांनी एकाचे तुकडे काढून दुसऱ्याला ठिगळं लावली, म्हणजे एक तरी पुरा दिसावा आणि त्याला भाव यावा. 1893 मध्ये या म्युझियमने तो 2,000 पौंडांना घेतला. किनार गमावलेला दुसरा आज अमेरिकेत लॉस एंजेलिसला आहे.

दहा मिनिटं झाली, दिवे मंद झाले. मी मागे वळले तर समोर मिंबर.

कैरोचा सुलतान कायतबाय, त्याच्या काळातला, पंधराव्या शतकाच्या अखेरचा. लाकडाचा, उंच, पायऱ्या चढत वर गेलेल्या, दोन्ही बाजू ताऱ्यांच्या नक्षीने भरलेल्या, त्यात हस्तिदंताचे तुकडे बसवलेले. 1869 पासून तो या म्युझियमकडे आहे. म्हणजे दीडशे वर्षांत त्याच्यावर कोणी खुतबा दिलेला नाही. त्या दिवशी जुम्मा होता. माणसं त्याच्या समोर उभी राहून फोटो काढत होती, आणि मला उगीच वाटत राहिलं की आता कोणीतरी चढेल.

आमच्या गावच्या मशिदीतला मिंबर तीन पायऱ्यांचा होता. सागवानी, काळा पडलेला, कडेला वेलबुट्टी आणि वर एक साल कोरलेलं. ते साल कोणतं, मला आठवत नाही. लहानपणी आम्ही मुलं-मुली तिथेच कुरआन शिकायला बसायचो. सबक पाठ नसला की मी सगळ्यात खालच्या पायरीला पाठ टेकून बसे, म्हणजे उस्तादांच्या नजरेआड. त्या लाकडाला तेलाचा आणि उदाचा वास होता.

1986 मध्ये मशीद नव्याने बांधली. गावातली निम्मी घरं तेव्हा कुवेत, बहरीन, कतारच्या पैशावर चालत होती आणि सगळ्यांनी मनापासून दिलं. कौलं गेली, स्लॅब आला, संगमरवरी मिंबर आला. जुना मिंबर मुंबईहून आलेल्या एका व्यापाऱ्याने नेला. अकराशे रुपये दिले. त्या पैशात पंखे आले. अब्बा तेव्हा जमातीचे खजिनदार होते. मे महिन्यातल्या जुम्म्याला पंख्याखाली बसून लोकांनी दुआ दिली, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. मिंबराचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते दुःख त्यांना होतं की नाही, हेही मी कधी विचारलं नाही.

टिपूच्या वाघापुढे राग धरणं सोपं आहे. ती लूट होती. गालिच्यापुढे कोणावर रागवायचं? गळक्या छपराखाली बसलेल्या अर्दबीलच्या खादिमांवर? वक्फची वस्तू अशी विकता येते का, कोणत्या अटींवर येते, हे आलिमांनी सांगावं, मी त्यात पडत नाही. मला फक्त एवढं दिसलं की अर्दबीलचा गालिचा आज आहे. कोणी विणला, कधी, किती गाठी, सगळं लिहिलेलं आहे. आमचा मिंबर कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. कदाचित एखाद्या हॉटेलात त्याच्यावर फुलदाणी असेल.

त्या रात्री लेकीच्या घरून मी गावी भावाला फोन केला. म्हटलं, अब्बांच्या जमातीच्या वह्या आहेत का बघ. त्याला वाटलं, जमिनीचं काहीतरी निघालं. दोन दिवसांनी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. अब्बांचं मोडी वळणाचं मराठी अक्षर. जमेच्या बाजूला एकच ओळ: जुने लाकूड, रु. 1,100. मिंबर हा शब्दसुद्धा नाही. मी तो फोटो लेकीला दाखवला नाही, अजून दाखवलेला नाही.

बहिणींच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. बघण्यासारखं पुष्कळ असतं. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबर बादशाहचं चिलखत आहे, हैदराबादला गेलात तर सालारजंगमध्ये कुरआनच्या हस्तलिखितांपाशी अर्धा दिवस काढा. मुलांना घाई करू नका, एका दिवसात तीन-चार वस्तू पुऱ्या होतात. पाटीवरचं साल त्यांना वाचायला लावा. आणि घरी आल्यावर कपाटावर काय गुंडाळून ठेवलंय तेही काढून बघा. नानांच्या हातचा कुरआन वाळवी लागेपर्यंत ठेवून मग समुद्रात ठंडा करायला नेण्याआधी, त्याच्या शेवटच्या पानावर कातिबाचं नाव आणि साल आहे का, एवढं तरी पाहून लिहून ठेवा.

गावी परतल्यावर मी मशिदीतल्या मुतवल्लींना निरोप पाठवला की जुन्या मशिदीतलं काही उरलंय का. ते वयाने माझ्याहून लहान, मला आपा म्हणतात. म्हणाले, "आपा, सगळं गेलं, पण असा आहे." आपल्याकडे खतीब जुम्म्याला हातात धरतात तो लाकडी असा. दर शुक्रवारी लागतो म्हणून विकला गेला नाही. मी म्हटलं, त्याच्यावर काही कोरलेलं आहे का, बोट फिरवून बघता का? ते जाऊन बघून आले.

"कोरलेलं लागतंय काहीतरी," ते म्हणाले, "पण वाचता येत नाही. गेल्या रमजानमध्येच त्याला सोनेरी ऑइलपेंट मारलाय. पॉलिशपेपरने घासून काढू का?"

मी म्हटलं, नको. मी येईपर्यंत हात लावू नका.