चीतपट करणारे आणि चिंध्या उडवणारे

टीव्हीवरच्या मारामारी करणाऱ्या रोबॉट्सचा विषय निघाला की आमच्यासारखी येडी मंडळी हमखास दोन नावं घेतात. ब्रिटिश 'रोबॉट वॉर्स'चा हिप्नो-डिस्क आणि अमेरिकन 'बॅटलबॉट्स'चा टूमस्टोन. दोघंही स्पिनर. (कुंबळेवाले नव्हेत. अंगावर काहीतरी जड गरागरा फिरवत ठेवायचं आणि समोरच्यावर जाऊन आदळायचं, हा यांचा स्पिन.) समोरच्याच्या चिंध्या होतात, ठिणग्या उडतात, पब्लिक खूश. माझं मत विचाराल तर या दोघांचं कौतुक जरा जास्तच झालंय, आणि ज्यांनी खरोखर कप नेले त्यांच्यावर अन्यायच झालाय.

ज्यांनी हे प्रकार कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. लुकासफिल्मसाठी काम केलेल्या मार्क थॉर्प नावाच्या माणसाने १९९२च्या सुमारास रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या रणगाड्याला व्हॅक्यूम क्लीनर जोडून पाहिला. घर काही झाडून निघेना, पण त्याच्यावर धोकादायक हत्यारं लावली तर काय मजा येईल, असं त्याच्या डोक्यात आलं. ऑगस्ट १९९४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनला पहिलं 'रोबॉट वॉर्स' झालं. (घर झाडणारा रूम्बा बाजारात आला २००२ साली. तोपर्यंत या मंडळींनी रोबॉट एकमेकांवर सोडून बराच कचरा करून ठेवला होता!) पुढे थॉर्प आणि त्याच्या भागीदार कंपनीत कोर्टकचेऱ्या झाल्या, ते एक वेगळंच रडगाणं आहे. असो. १९९८ला बीबीसी टूवर ब्रिटिश मालिका सुरू झाली आणि २००० ते २००२ कॉमेडी सेंट्रलवर 'बॅटलबॉट्स' चाललं.

आता मुद्द्याची लढत. 'रोबॉट वॉर्स'च्या तिसऱ्या मालिकेची फायनल, हिप्नो-डिस्क विरुद्ध केऑस २. हिप्नो-डिस्क म्हणजे पुढे आडवं फिरणारं जड चक्र, अक्षरशः सुदर्शन चक्र. त्याने तोवर समोर येईल त्याचे पत्रे फाडले होते. जॉर्ज फ्रान्सिसचा केऑस २ म्हणजे मात्र एक मोठं उलथनं. दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर वर उडणारं झाकण, बास. त्याने काय केलं, तर खाली शिरला आणि हिप्नो-डिस्कला उलटा केला. उलट्या हिप्नो-डिस्कला सरळ होता येत नव्हतं. चीतपट! आपल्याकडच्या कुठल्याही आखाड्यातल्या वस्तादाने मान डोलावली असती. पुढच्या मालिकेतही केऑस २च जिंकला. मूळ ब्रिटिश मालिकेत सलग दोनदा विजेतेपद घेणारा तो एकटाच. आज नाव मात्र हिप्नो-डिस्कचं निघतं, आणि त्याने एकदाही मुख्य विजेतेपद जिंकलेलं नाही.

याचं कारण भौतिकशास्त्रात आहे, आणि ते मजेदार आहे. फिरणाऱ्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. मग द्या की वेग वाढवून! पण तसं होत नाही. समजा दोन रोबॉट सेकंदाला पाच मीटर वेगाने जवळ येतायत आणि चक्राला दोन दात आहेत. मिनिटाला ६००० फेरे असतील तर एक दात गेल्यावर दुसरा येईपर्यंत समोरचा २५ मिलिमीटर आत येतो. म्हणजे दाताला पकडायला २५ मिलिमीटर मिळाले. फेरे १२००० केले की उरले साडेबारा. अजून वाढवा, आणि दात चावायच्या ऐवजी नुसता खरवडत बसतो. म्हणून शहाणे लोक एकच दात ठेवतात. शिवाय न्यूटन कुणाला सोडत नाही. जेवढा दणका द्याल तेवढाच स्वतःच्या शाफ्टला, बेअरिंगला, बॅटरीच्या जोडणीला बसतो. दुसऱ्याला फोडताना स्पिनर स्वतःवरही स्ट्रेस टेस्ट चालवत असतो, आणि तीही थेट प्रॉडक्शनमध्ये.

उलट कार्लो बर्टोचिनीचा बायोहॅझर्ड बघा. टायटॅनियमचा, जेमतेम चार इंच उंचीचा, चपट्या पेटीसारखा, आणि त्यातून वर येणारा एक उचलणारा हात. बघायला कंटाळवाणा, पण 'बॅटलबॉट्स'मध्ये हेवीवेट गटात पुन्हापुन्हा जिंकलेला. आमच्याकडे नाही का, कधीच न पडणारा सर्व्हर सांभाळणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं, आणि अप्रेझलमध्ये रेटिंग मिळतं डेमोवाल्याला. तसंच.

बायोहॅझर्डला फायनलमध्ये हरवलं सन ऑफ व्हायाचीने, आणि ती युक्ती ऐकण्यासारखी आहे. चाकांऐवजी चालत जाणाऱ्या रोबॉटला वजनात पन्नास टक्के सूट होती. चालणं अवघड असतं, म्हणून दिलेली सवलत. या पठ्ठ्यांनी पाय न लावता मोटरवर खालीवर होत सरकणाऱ्या पट्ट्या लावल्या, त्यांनाच 'चालणं' म्हणवून घेतलं, आणि मिळालेलं सगळं वजन फिरणाऱ्या हातोड्यांत ओतलं. जिंकले. मग आयोजकांनी ती पळवाट बुजवली. पुढच्या वेळी तो चाकांवर आला, पण तो दरारा राहिला नाही.

गंमत म्हणजे सन ऑफ व्हायाचीला लोक 'जीनियस' म्हणतात, पण तसंच काहीसं टॉर्नेडोने केलं तर त्याला चीटिंग म्हणतात. २००२ची सहावी मालिका, फायनलला टॉर्नेडो आणि रेझर. रेझर म्हणजे सगळ्यांचा लाडका. हायड्रॉलिक चोचीत धरून पत्रा भोसकणारा अडकित्ताच म्हणा ना. दिसायला इतका देखणा की तो बनवणाऱ्यांना मेकॅनिक म्हणावं की शिल्पकार. सुरुवातीच्या मालिकांत तो बिचारा फारसा टिकायचा नाही, पण पाचवी जिंकला होता आणि दोनदा वर्ल्ड चॅम्पियनही झाला होता. टॉर्नेडो म्हणजे चाकांवरची एक मजबूत, चपळ पेटी. हत्यारं बदलायची मुभा होती, म्हणून टॉर्नेडोवाल्यांनी फायनलसाठी पुढे एक मोठी चौकट बसवली. ती अशा मापाची की रेझरची चोच पेटीपर्यंत पोचूच नये. लढत वेळ संपेपर्यंत चालली आणि परीक्षकांनी टॉर्नेडोला विजयी ठरवलं. इतकी वर्षं झाली तरी रेझरभक्तांचा राग गेलेला नाही.

मला हा राग पटत नाही. नियम सगळ्यांना सारखे होते. प्रतिस्पर्ध्याची ताकद नेमकी कुठे आहे, तिची पोच किती आहे, हे मोजून उत्तर तयार करणं यालाच तर इंजिनिअरिंग म्हणतात. लढत बघायला रटाळ झाली हे मान्य. पण रटाळपणा हा स्पेसिफिकेशनमधला बग आहे, युजरचा गुन्हा नाही. सौंदर्याला मार्क द्यायचे होते तर तसं लिहून ठेवायचं.

नंतर तसं लिहून ठेवलंच म्हणा. 'बॅटलबॉट्स' २०१५ला परत आलं. पुढे तिथे परीक्षकाच्या ११ गुणांपैकी ५ नुकसानीला आणि आक्रमकता व नियंत्रण यांना ३-३ अशी वाटणी झाली. म्हणजे ढकलून, दामटून जिंकणाऱ्यांचे दिवस भरले. पॉल व्हेंटिमिग्लियाचा बाइट फोर्स हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. २०१५च्या फायनलमध्ये टूमस्टोनला हरवताना तो पकडणारा-उचलणारा रोबॉट होता. २०१८ आणि २०१९ला पुन्हा जिंकला, पण तोवर पुढे उभं फिरणारं पातं आलं होतं. शिस्त जुनी, हत्यार नवं. ब्रिटनमध्ये मात्र उलथन्यांनी हट्ट सोडला नाही. 'रोबॉट वॉर्स' २०१६ला परत आलं, तेव्हा कार्बाइड या भयानक स्पिनरला पहिल्या फायनलला अपोलोने आणि तिसऱ्या फायनलला इरप्शनने हरवलं. दोघंही फ्लिपर. (मधली मालिका कार्बाइडने नेली, हेही सांगायला हवं.) २०१८मध्ये बीबीसीने कार्यक्रम पुन्हा गुंडाळला.

आणि माणसांचं काय झालं? १९९५ला जेमी हाइनमन आणि अ‍ॅडम सॅव्हेजने कढईसारखं कवच फिरवणारा ब्लेंडो आणला होता. त्याचे तुकडे प्रेक्षकांकडे उडायला लागल्यावर आयोजकांनी त्याला बक्षीस देऊन घरी बसवला! हीच जोडी २००३पासून 'मिथबस्टर्स'मध्ये दिसली. डेडब्लोवाला ग्रँट इमाहारा त्यांना जाऊन मिळाला, आणि २०२०मध्ये अवघ्या ४९व्या वर्षी गेला. व्हेंटिमिग्लियाने तर बाइट फोर्सच्या आधीच, २००९ला, नासाची चंद्रावरच्यासारखी माती उकरण्याची स्पर्धा जिंकली होती. अर्ध्या तासात ४३९ किलो माती, बक्षीस पाच लाख डॉलर. ब्राझीलच्या मिनोटॉरवाल्या रिओबॉट्झ टीमने आपलं सगळं ज्ञान एका जाडजूड पुस्तकात लिहून फुकट वाटलं. वर मी दातांचा हिशोब मांडला ना, तो आणि तसले कितीतरी त्यात आहेत. पवईला टेकफेस्टच्या रोबोवॉर्समध्ये उतरायचं मनात असेल तर आधी ते वाचा, मग वेल्डिंगवाला शोधा.

आणि टॉर्नेडो-रेझरची ती फायनल यूट्यूबवर मिळाली तर आवाज बंद करून बघा. आरडाओरडा काढून टाकला की कोण कुणाला कुठे नेतंय हे स्वच्छ दिसतं. मग भांडू.