पाय बांधला, घड्याळ मोकळेच



दिवाळी झाली की जिनिंगच्या दारात ट्रक लागतात. इथून गाठी निघतात त्या गुजरातेत आणि पार कोइमतूरपर्यंत. स्टिअरिंगवर बसलेला माणूस पुष्कळदा आपल्याच गावचा असतो. पाच एकर कोरडवाहूत दोघा भावांचे भागत नाही, मग धाकटा क्लीनर म्हणून बाहेर पडतो आणि चार-सहा वर्षांत ड्रायव्हर होतो. त्याच्या गाडीच्या इंजिनाला सरकारने लगाम घातला आहे आणि ड्रायव्हर मंडळी त्यावर नाराज आहेत. ही नाराजी कितपत खरी, आणि खरी असेल तर ती नेमकी कोणावर असायला हवी, हे आपण पाहिले पाहिजे.

नियम असा. एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांतला ११८ वा नियम बदलला. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या, धंद्यावर चालणाऱ्या गाड्यांना कारखान्यातून किंवा शोरूममधूनच वेगनियंत्रक बसवून आला पाहिजे. ड्रायव्हर त्याला 'गव्हर्नर' म्हणतात. ताशी ८० किलोमीटरवर काटा पोचला की पेडल कितीही दाबा, इंजिनाला जादा डिझेल मिळत नाही. डंपर, टँकर, शाळेच्या बस आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना मर्यादा ६० ची. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, पोलिसांच्या गाड्या, दुचाकी, तीनचाकी यांना सूट. घरची मोटार या नियमात आलीच नाही. नव्या मोटारींना १ जुलै २०१९ पासून मिळाली ती नुसती घंटी : ८० च्या वर गेले की अधूनमधून वाजते, १२० च्या वर गेले की एकसारखी. म्हणजे ट्रकवाल्याचा पाय धरायचा आणि मोटारवाल्याच्या कानात हळूच सांगायचे! रस्त्याच्या कडेने डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चाललेल्या बाईला यातला फरक काय समजावणार?

आता ड्रायव्हरचे ऐकू. कोणत्याही ढाब्यावर विचारा, पहिली तक्रार ओव्हरटेकची निघते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. दोन पदरी रस्त्यावर पुढचा ट्रक ७० ने चालला आहे, तुमची गाडी ८० ला अडली. फरक ताशी १० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला तीन मीटरसुद्धा नाही. दोन्ही गाड्यांची लांबी आणि मधले अंतर धरून चाळीस मीटर काटायला चौदा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही तीनशे मीटरच्या वर गेलेले असता आणि समोरचाही ८० ने येत असला तर तितकाच अलीकडे आलेला असतो. साडेसहाशे मीटर रस्ता मोकळा हवा. पूर्वी पेडल दाबून पाच सेकंदांत निघून जाता यायचे. अर्ध्या वाटेत यंत्राने हात टेकले तर माणसाच्या तोंडून शिवी निघणारच.

यावर साहेबलोकांचे उत्तर ठरलेले आहे : मग ओव्हरटेक करू नये. उत्तर बरोबरच आहे. पण ७० ने चाललेल्या गाडीच्या मागे दहा मिनिटे राहायला ड्रायव्हर तयार का नाही? त्याला वेगाची हौस आहे म्हणून? भरलेला ट्रक दामटण्यात कसली हौस! त्याला खेपेवर पैसे मिळतात. गाडी उभी राहिली तर मिळकत उभी राहते. माल भरायला जिनिंगच्या दारात अर्धा दिवस गेला, उतरवायला गिरणीच्या दारात एक रात्र गेली, तो वेळ कोणाच्याच हिशोबात नाही. तो भरून काढायचा रस्त्यावर, झोपेतून आणि वेगातून. गव्हर्नरने यातली एक वाट बंद केली. दुसरी उघडीच आहे.

म्हणून काढून टाका ते यंत्र, असे आम्ही म्हणणार नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि सरकारी नोंदीप्रमाणे त्यातली सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या अपघातांत. पंचनाम्यात 'अतिवेग' लिहिणे पोलिसांना सोयीचे असते. तो भाग थोडा वजा करा, तरी आकडा भयंकरच राहतो. शिवाय हिशोब साधा आहे. वेग ८० वरून १०० वर नेला, म्हणजे सव्वापट केला, की धडकेची ताकद दीडपटीहून जास्त होते. आपल्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना, सरकी नाहीतर कापूस भरून पहाटे हमरस्त्यावर चढतात. मागून येणारा ट्रक ८० ने सेकंदाला बावीस मीटर धावतो, १०० ने अठ्ठावीस. ते सहा मीटर आपल्याच जिवाचे आहेत.

गव्हर्नरवर रोष निघाला तो बहुतेक ठिकाणी आडवाटेनेच. टॅक्सींना सुरुवातीला दिलेली सूट गेली तेव्हा गोव्यातल्या पर्यटक टॅक्सीवाल्यांनी जानेवारी २०१८ मध्ये गाड्या उभ्या करून संप केला, ते निदान उघड होते. इतरत्र यंत्र फिटनेसच्या दिवसापुरते जोडायचे आणि आरटीओच्या फाटकाबाहेर वायर सोडवायची, ही युक्ती धंद्यात कोणाला ठाऊक नाही? यंत्र विकणारा खूश, तपासणारा खूश, मालक खूश. दंड झालाच तर पावती ड्रायव्हरच्या नावाची.

युरोपातल्या ड्रायव्हरांनाही हा लगाम आवडत नाही. तिथे मोठ्या ट्रकांना १९९४ पासून वेगनियंत्रक आहे, मर्यादा ९०. एक ट्रक ८९ ने आणि दुसरा ९० ने, असे दोघे मैलभर शेजारी शेजारी चालतात. जर्मन लोक त्याला हत्तींची शर्यत म्हणतात. जुलै २०२४ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगाची पाटी ओळखून इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. ते बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तेही पुन्हा सुरू, म्हणून मोटारवाले वैतागले आहेत. आपल्या कामाची गोष्ट मात्र त्यांच्या ट्रकातली आहे. तिथे वेगाच्या जोडीला कामाचे तासही बांधलेले आहेत. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तास, आणि प्रत्येक मिनिटाची नोंद गाडीतच होते. ड्रायव्हरला वेळेत पोचलास का म्हणून दमात घेणाऱ्या मालकाचेही त्यात सापडते.

आपल्याकडे असा विचार झालाच नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास ठरवले होते, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एक-दोन ट्रकांचा मालक त्यातून बाहेरच राहिला. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८३ चे चौथे पोटकलम आहे, ते प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशात असावे असे आहे. अमुक वेळेत पोच असा हुकूम कोणी दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय ती वेळ पाळणे शक्य नाही असे कोर्टाला वाटले, तर तो हुकूम हाच हुकूम देणाऱ्याविरुद्धचा सकृद्दर्शनी पुरावा. वेगाचा गुन्हा चाकामागच्या माणसाइतकाच वेळ ठरवणाऱ्याचा आहे, हे कायद्याने लिहून ठेवले आहे. ८० ला थांबणारे यंत्र सक्तीने बसते, हे पोटकलम कागदावर बसून आहे.

यात आपणही अगदी बाजूला नाही. संध्याकाळी टेम्पो भरायचा आणि पहाटेच्या लिलावाला पोचलाच पाहिजे म्हणून भाड्यातले शंभर रुपये अडकवून ठेवायचे, हे गावोगाव चालते. भाव पडेल ही आपली भीती खरी असते. पण ती आपण ड्रायव्हरच्या पायात उतरवतो.

तेव्हा गव्हर्नर राहू द्या, आणि मागणी पुढची करा : बिल्टीवर माल भरल्याची आणि उतरवल्याची वेळ लिहा, दारात उभे राहिल्याचे पैसे ड्रायव्हरला द्या, आणि मोटारीलाही नुसत्या घंटीवर सोडू नका. ज्यांच्या घरातला कोणी ट्रकवर आहे त्यांनी जिल्हा बैठकीला येताना पोचायची वेळ घातलेल्या बिल्ट्या, नसतील तर मोबाईलवर आलेले मालकाचे निरोप, सोबत आणावेत. अंतर आणि वेळ समोरासमोर मांडून कलम १८३ मध्ये कोणते बसतात ते तिथेच पाहू.