मर्यादा कोणी ठरवायची?

समुद्र सर्वांचा आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु जे सर्वांचे, त्याची राखण कोणी करायची, हा प्रश्न आला की बहुतेकांची बोटे सरकारकडे वळतात. सरकारने निर्बंध घालावेत आणि मच्छीमारांनी ते पाळावेत, ही वाटणी सोपी खरी, पण मला ती अपुरी वाटते. असे का वाटते, ते केरळमधील कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीच्या उदाहरणावरून सांगता येईल.

या खाडीतील शिंपल्यांवर सुमारे ३,००० लोकांचा उदरनिर्वाह चालत आला आहे. कोकणात ज्यांना तिसऱ्या म्हणतात, त्यांच्याच कुळातील हे शिंपले. कोणी बुडी मारून ते वेचतो, तर कोणी होडीतून दांड्याला बांधलेल्या जाळ्याने तळ खरवडतो. १९८० नंतर आग्नेय आशियातून मागणी वाढली आणि उपशाला धरबंध राहिला नाही. १९९१ साली १०,००० टनांवर गेलेले उत्पादन १९९३ मध्ये निम्म्यावर आले.

तेव्हा मच्छीमारांनी केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या सल्ल्याने स्वतःवर बंधने घालून घेतली. डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ, म्हणून त्या तीन महिन्यांत उपसा बंद ठेवला. लहान शिंपले निसटून जावेत म्हणून जाळ्याच्या छिद्रांचे माप ठरले. एका किलो मांसाला १,४०० हून अधिक नग लागतील, इतका लहान माल निर्यात करायचा नाही, असेही ठरले. दशकभरात उत्पादन पूर्वपदावर आले. २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र या मासेमारीला मिळाले. भारतात ते प्रथमच मिळत होते.

तीन महिने चूल कशी पेटवायची, हा प्रश्न अष्टमुडीतही होताच. तरीही बंदी टिकली. ज्यांना तिची झळ बसणार होती, तेच ती ठरवण्यात सहभागी होते, हे त्याचे कारण मला दिसते. शेजाऱ्याची नजर चुकवणे हे गस्तीची नौका चुकवण्याहून कठीण असते!

अर्थात, गावाच्या हाती कारभार दिला की सारे सुरळीत होते, असे नव्हे. समितीत बड्या नौकामालकांचाच आवाज चालला आणि किनाऱ्यावर शिंपले उकडून मांस काढणाऱ्या स्त्रियांना कोणी विचारलेच नाही, तर तो सहभाग कागदावरचा ठरेल. शिवाय काही संकटे गावाच्या आवाक्याबाहेरची असतात. अमेरिका खंडातील चार्रू नावाचा परका द्विदल शिंपला अष्टमुडीत पसरल्याचे २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवले. त्याला कोणत्याही गावाचा ठराव अडवू शकत नाही. तेथे शासनाने आणि संशोधकांनीच उभे राहायला हवे.

महाराष्ट्रात २०२३ साली यांत्रिक नौकांवरील पावसाळी बंदी ३१ जुलैला संपली. त्या वर्षी अधिक श्रावण असल्याने नारळी पौर्णिमा मात्र ३० ऑगस्टला आली. समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून होडी लोटायची नाही, हा कोळ्यांचा जुना रिवाज. आता यांत्रिक नौकांच्या मालकांना लवकर निघायचे असते, तर लहान होडीवाल्याला वाटते की मासळी आणखी थोडी वाढू द्यावी. या दोघांचे एकमत सहजासहजी होणार नाही. पण बंदीची तारीख जाहीर होण्याआधी हा वाद कोळीवाड्यातल्या सोसायटीच्या सभेत, अधिकाऱ्यांच्या समक्ष, एकदा तरी व्हायला हवा.