हुकलेला हंगाम



या खेपेस पिकाची नव्हे, एका माणसाची गोष्ट सांगतो. ॲलन शेपर्ड हा अमेरिकेच्या नौदलाचा वैमानिक. समुद्रात डोलणाऱ्या जहाजावर विमान उतरवणारा. ५ मे १९६१ रोजी अवकाशात जाणारा तो पहिला अमेरिकन ठरला. उड्डाण अवघे १५ मिनिटांचे.

पुढे आतल्या कानाचा विकार जडला. चक्कर येऊ लागली, उड्डाणे बंद झाली. पण गडी घरी बसला नाही. इतर अंतराळवीरांच्या कामाची व्यवस्था पाहत राहिला. शस्त्रक्रियेने कान सुधारला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, अपोलो-१४ चा प्रमुख म्हणून तो चंद्रावर उतरला.

त्याच मोहिमेत त्याचा सहकारी स्टुअर्ट रूसा याने झाडांच्या सुमारे ५०० बिया चंद्राभोवती फिरवून आणल्या. परतल्यावर निर्जंतुक करताना डबा फुटला. बी वाया गेले असे वाटले, तरी बहुतेक उगवले!

म्हणून सांगतो, चक्कर येत असेल तर दुखणे अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि एक हंगाम हुकला म्हणून पाभर मोडून चुलीत घालायची नसते. पुन्हा वाफसा येतोच.